घासलेल्या डॉलरचा खुलासा

आजच्या सभेचे अध्यक्ष, निवृत्त विंग कमांडर जयंत बिवलकर. प्रमुख पाहुण्या, विद्यापीठातल्या प्राध्यापिका मीनाक्षी टिपणीस. सत्कारमूर्ती डॉक्टर विश्वनाथ देवस्थळी. पहिल्या रांगेत बसलेल्या शशिकलाताई देवस्थळी. मोहाली-पंचकुल्याहून रविवारची झोप मोडून आलेले मंडळाचे सभासद. आणि मागच्या दाराशी उभं राहून ‘और कितने लोग बोलेंगे’ असं एकमेकांना विचारणारी आमची पुढची पिढी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

उत्तर असं आहे की मी शेवटचा. माझ्यानंतर फक्त डॉक्टर सत्काराला उत्तर देतील, आणि मग बटाटेवडे.

आधी ताजी गोष्ट सांगतो. इथल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत सव्वीस वर्षं काढल्यामुळे मला दुसऱ्या कुठल्या क्रमाने बोलता येत नाही. परवा शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांना मुंबईहून फोन आला. फोर्टात एक वयोवृद्ध पारशी गृहस्थ आहेत, जुन्या परदेशी नाण्यांचे जाणकार. त्यांनी सांगितलं, की डॉक्टरांनी पाठवलेला १८९३ सालचा अमेरिकन चांदीचा डॉलर अस्सल आहे. बातमीला दुजोरा खुद्द डॉक्टरांनी दिला. आपण टाळ्या वाजवायला हरकत नाही.

थांबा. वाक्य पुरं झालेलं नाही. ते गृहस्थ पुढे म्हणाले, ‘अस्सल आहे, पण कोणीतरी घासलेलं आहे.’

या दुसऱ्या वाक्यामुळे मी दोन दिवस स्वस्थ बसलेलो नाही. पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘डॉक्टर देवस्थळींचा छंद’ असा विषय छापला आहे, आणि माझ्या खिशात त्यावरचं एक नीटनेटकं भाषण आहेही. ते मी खिशातच ठेवतो.

डॉक्टर इथे एकोणीसशे बहात्तरला आले. वैद्यकीय संस्थेत विकृतिशास्त्र शिकवलं, तीसेक वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली लोकांच्या शरीरातले तुकडे पाहिले आणि खरं काय ते लिहून दिलं. हे सगळं बिवलकर साहेबांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. मी रविवारचे डॉक्टर सांगतो. रविवारी सकाळी ते आणि शशिकलाताई स्कूटरवरून मनीमाजऱ्याच्या बाजारात जात. तिथे एक म्हातारे सराफ आहेत, सगळे त्यांना लालाजी म्हणतात. बाकीचं गिऱ्हाईक चकचकीत माल मागायचं. लालाजी डॉक्टरांना पाहिलं की गल्ल्याखालची पिशवी काढायचे. ‘लो डाक्टर साब, आपकी काली चांदी.’

ही काळी चांदी यायची कुठून? तर शंभर वर्षांपूर्वी जालंधर-होशियारपूरकडची माणसं कॅलिफोर्नियात शेतावर राबायला गेली. परत येताना काहींनी कमरेला चांदीचे डॉलर बांधून आणले. घरी आल्यावर त्यांना कडी डाकवून बायकांच्या गळ्यात घातले. तीन पिढ्या ते गळ्यात राहिले. मग एकोणीसशे एक्याण्णव साल आलं, बाजार खुला झाला, आणि ज्या घरांत आजीचा हार होता त्या घरांना रंगीत टीव्ही हवासा वाटू लागला. हार मोडीत निघाले. मनीमाजऱ्याच्या भट्टीत त्या चार-पाच वर्षांत किती डॉलर वितळले, कोणाला माहीत? सात वाचले. ते या दोघांनी वाचवले.

मी ‘दोघांनी’ म्हणालो. तो शब्द मी विचार करून वापरला आहे.

घरी आल्यावर काम सुरू व्हायचं. डॉक्टर नाणं कडेने धरून काट्यावर ठेवत, ताई वजन मोठ्याने वाचत आणि वहीत लिहीत. असा डॉलर नवा असताना पावणेसत्तावीस ग्रॅमच्या जरासा आत भरतो. वजन फार कमी आलं की खोटा. मग भिंग. नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवतेच्या कानावरचे केस किती झिजलेत, गरुडाच्या छातीवरची पिसं दिसतात का, आणि गरुडाखालच्या पानांच्या खाली टांकसाळीचं अक्षर कोणतं. अमेरिकेत नाण्याची प्रत एक ते सत्तर आकड्यांत मोजतात. एकेका आकड्यावरून या नवराबायकोची भांडणं व्हायची. मी स्वतः ऐकली आहेत. ‘चाळीस.’ ‘अहो, कसले चाळीस? त्या बाईचे केस बघा, टक्कल पडायला आलंय. तीस.’ ‘तुला काय कळतंय?’ ‘टकलातलं मला तुमच्यामुळे कळतं.’

हसा. डॉक्टरही तेव्हा हसायचे.

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात लालाजींच्या पिशवीतून एक डॉलर निघाला ज्याला कडी लावलेलीच नव्हती. साल १८९३, आणि अक्षर एस, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ. त्या वर्षी तिथे हे नाणं फक्त एक लाख पाडलं होतं. एक लाख आपल्याला पुष्कळ वाटतात, पण इतर वर्षी ते लाखालाखांनी नव्हे, दहा-दहा लाखांनी पाडत. म्हणून याची नक्कल फार होते. दुसऱ्या डॉलरवर ते एक अक्षर चिकटवलं की झालं. तर हे खरं आहे हे ओळखायचं कसं? दुसऱ्या बाजूला स्वातंत्र्यदेवतेच्या कपाळपट्टीवर जी अक्षरं आहेत, त्यातल्या टी या अक्षराच्या माथ्यावर, खऱ्या नाण्यात, केसाएवढी तिरकी रेघ असते. साच्यातच होती ती. नक्कल करणाऱ्याला ती ठाऊक नसते.

डॉक्टरांकडे तेव्हा सोळा वर्षं जुन्या दरपुस्तिकेच्या झेरॉक्स प्रती होत्या, त्यात ही रेघ नव्हती. नवी पुस्तिका सेक्टर सतराच्या एका दुकानाने मागवून दिली, ती यायला पाच महिने लागले. आली त्या दिवशी डॉक्टरांनी मला घरी बोलावलं. भिंगाखाली आधी त्यांनी पाहिलं, मग मी पाहिलं. दोघांनाही काही दिसलं नाही. शशिकलाताईंनी नाणं दिव्याखाली जरा तिरकं धरलं आणि म्हणाल्या, ‘ही काय. इतकी ठसठशीत.’

रेघ ताईंनी शोधली. हे आजच्या मानपत्रात नाही. मानपत्र मीच लिहिलं आहे.

पाणी मिळेल का? धन्यवाद, अपूर्वा.

आता सत्त्याण्णवचा गणेशोत्सव. आपलं मंडळ तेव्हा दोन वर्षांचं होतं, मी सचिव होतो, आणि मला हौस आली की सभासदांच्या छंदांचं प्रदर्शन भरवू. तिकिटं, क्रोशाचे रुमाल, बोन्साय, आणि मुख्य आकर्षण म्हणून डॉक्टरांचे सात डॉलर. अकरा वाजता प्रशासनातले एक बडे अधिकारी उद्घाटनाला यायचे होते. डॉक्टरांना सकाळीच संस्थेतून बोलावणं आलं. म्हणून नाण्यांची पेटी ताई घेऊन आल्या. ती माझ्या हातात देताना त्यांनी सांगितलं, शब्द मला पाठ आहेत, ‘ह्यांनी बजावलंय, कडेनेच धरायची, बोट लावायचं नाही.’ आणि त्या मोदकांचं पाहायला आत गेल्या.

मी पेटी उघडली. आपल्यापैकी किती जणांनी शंभर वर्षांची न घासलेली चांदी पाहिली आहे? काळी, मधेच निळसर, मधेच जांभळी, कढईच्या बुडासारखी. मी घड्याळात पाहिलं. सव्वादहा झाले होते. मला वाटलं, गणपतीच्या बाजूला ही असली चांदी मांडायची? पाहुणे काय म्हणतील, या मराठी लोकांच्या घरी कोणी भांडी घासत नाही? आपल्याकडे काळी चांदी देवापुढे ठेवणं म्हणजे केर न काढता रांगोळी घालणं. आणि तिथेच मोरीजवळ आमच्या तीन भगिनी मंडळाचा करंडा, निरांजनं आणि अत्तरदाणी रांगोळीने घासत बसल्या होत्या. त्यात एक माझी पत्नी चित्रा.

मी म्हणालो, ‘एवढं करताच आहात, तर ही सातही उजळून टाका.’

चित्रा म्हणाली, ‘विचारलंत का डॉक्टरांना?’

मी म्हणालो, ‘चांदी उजळायला विचारायचं काय?’

ते वाक्य आज सहा वर्षं आमच्या घरात राहतं आहे. भाजीत मीठ जास्त झालं तरी चित्रा म्हणते, ‘मीठ घालायला विचारायचं काय?’

पावणेअकरा वाजता सातही डॉलर नव्या ताटासारखे लखलखत होते. मला फार समाधान वाटलं. अधिकारी आले, म्हणाले, ‘वाह, क्या चमक है.’ त्यांच्या मागोमाग डॉक्टर आले. त्यांनी खिशातून भिंग काढलं. एक नाणं पाहिलं, दुसरं पाहिलं, ते १८९३ चं पाहिलं. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. तिने चांदीवर बारीक ओरखड्यांची गोल गोल जाळी पडते. साध्या डोळ्यांना ती चमक वाटते. भिंगाखाली ती काय असते ते डॉक्टरांना विचारा. त्यांनी एकदा मला सांगितलं होतं, की नाण्यावरचा काळेपणा म्हणजे त्याने काढलेले दिवस, ते परत चढत नाहीत.

डॉक्टर भिंग खिशात टाकून वळले. बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. मी प्रसादाचं ताट घेऊन मागून गेलो, तर ताई माझ्या आधी पोचलेल्या होत्या. मी दाराच्या आतच थांबलो. डॉक्टरांनी विचारलं, ‘कोणी केलं?’

आणि ताई म्हणाल्या, ‘मी. दिवाळीला देवाची चांदी घासते ना, तशी घासली. चुकलं माझं.’

डॉक्टर, बसा. दोन मिनिटं बसा, मग आपल्यालाच बोलायचं आहे. ताई, आपण कितीही मान हलवलीत तरी आता उपयोग नाही.

मी काय केलं? मी ताट घेऊन परत आत आलो आणि प्रसाद वाटला.

पुढचं आपल्यापैकी जे या घरी जात-येत आहेत त्यांना अर्धं माहीत आहे. डॉक्टरांनी घरात आवाज चढवला नाही. तो त्यांचा स्वभाव नाही. नाण्यांच्या कपाटाला कुलूप लागलं, एवढंच. किल्ली गेली जानव्याला. मनीमाजऱ्याला स्कूटर जात राहिली, मागची सीट रिकामी. लालाजी विचारायचे, ‘भैनजी नहीं आईं?’ डॉक्टर म्हणायचे, ‘घुटने में दर्द है.’ ताईंचे गुडघे उत्तम आहेत. परवाच्या दसऱ्याला त्यांनी तीन जिने चढून आमच्याकडे सोनं आणून दिलं. वहीत वजनं अजून लिहिली जातात, पण अक्षर डॉक्टरांचं असतं. ते वाचता येत नाही, डॉक्टरच आहेत. आणि मी दर रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला जात राहिलो. ताईंच्या हातचा चहा. सहा वर्षं. आपण हिशेब करू नका, मी केला आहे.

दोन हजार सालच्या एका रविवारी डॉक्टर फोनवर होते तेव्हा मी ताईंना विचारलं, तुम्ही असं का केलंत? त्या कपात साखर ढवळत होत्या. म्हणाल्या, ‘तुमचं नाव सांगितलं असतं तर ह्यांनी तुमच्याशी बोलणं टाकलं असतं. दिवसभर इंग्रजी, हिंदी, पंजाबी बोलून हा माणूस घरी येतो. रविवारी दोन तास मराठीत वाद घालायला ह्यांना तुमच्याशिवाय इथे होतं कोण?’

मी म्हणालो, ‘आणि तुमच्याशी बोलणं टाकलं असतं तर?’

‘माझ्याशी टाकून जातील कुठे? जेवायला घरीच यायचंय.’

मी हसलो. घरी येऊन चित्राला सांगितलं, ती हसली नाही. म्हणाली, ‘तुम्ही बोलणार की मी बोलू?’ मी म्हणालो, योग्य वेळ पाहून बोलतो. वर्तमानपत्रात ज्याला आम्ही मजकूर राखून ठेवणं म्हणतो, ते मी केलं. राखून ठेवलेला मजकूर बहुधा छापला जात नाही, हे मला माहीत होतं.

मग शुक्रवार आला. मी संध्याकाळी मानपत्रासाठी डॉक्टरांच्या नेमणुकांच्या तारखा तपासायला गेलो. घरात पुण्याला न्यायचं निम्मं सामान खोक्यांत. डॉक्टरांनी फोनची हकीकत सांगितली. अस्सल आहे, पण घासलेल्या नाण्याला ते लोक प्रतीचा आकडा देत नाहीत. घासलं नसतं तर चाळीसच्या आसपास गेलं असतं, म्हणजे याच नाण्यावरून झालेल्या त्या तीस-चाळीसच्या भांडणात डॉक्टरांचाच आकडा बरोबर होता. अमेरिकेहून ज्ञानदाचाही फोन येऊन गेला होता. ती म्हणाली म्हणे, ‘बाबा, साफ हो गया तो क्या हुआ, है तो असली ना.’ ती लेक या घरची आहे, तिला मूळ मुद्दा बरोबर कळतो. डॉक्टर खुशीत होते. त्यांच्या मनात राग राहिलेला नाही हे मला दिसत होतं. ते ताईंकडे पाहून, अगदी हसत, मला म्हणाले, ‘बघा रघुवीर, अठराशे त्र्याण्णवच्या नाण्यावर आमच्या हिची सही आहे.’

ताईही हसल्या. आणि चहा ठेवायला उठल्या. चहा तर आम्ही नुकताच घेतला होता.

डॉक्टरांच्या रागापुढे मी सहा वर्षं तग धरला. ती थट्टा मला पेलवली नाही. राग निवतो. थट्टा मात्र घरात कायमची राहायला येते, पुण्याच्या नव्या घरीही ती सामानाबरोबर जाईल, पाहुण्यांना सांगितली जाईल, नातवंडांना सांगितली जाईल, की आजीने एकदा काय केलं माहीत आहे का?

आज सकाळी मी ताईंना फोन करून परवानगी मागितली. त्यांनी ती दिली नाही. म्हणाल्या, ‘जाता जाता कशाला? तुमच्या दोघांचं छान चाललंय.’ म्हणून हे मी त्यांच्या परवानगीशिवाय बोलतो आहे, आणि सर्वांसमोर बोलतो आहे, कारण त्यांनी दोष घेतला तो पायऱ्यांवर, पण तो फिरला या सभागृहात. ‘देवस्थळीबाईंनी रांगोळीने डॉलर घासला’ ही गोष्ट मी स्वतः याच मंडळाच्या कोजागिरीला लोकांना सांगताना ऐकली आहे, आणि बासुंदीचा पेला हातात धरून गप्प राहिलो आहे. तेव्हा खुलासा असा: नाणी घासायला सांगणारा मी. ताईंनी सूचना दिली होती, ती मी मोडली. घासणाऱ्यांचाही दोष नाही. डॉक्टर, माफी मागायला मी उद्या घरी येणार आहे. आपण दार उघडाल की नाही ते आपण ठरवा.

तो लखलखता डॉलर बाजारात आता किती कमी भावाचा, हे मला शुक्रवारी डॉक्टरांनी सांगितलं. तो आकडा मी इथे सांगत नाही. शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे अमेरिकेतला भाव तसाही आपल्या कामाचा नाही. मला दुसरंच विचारायचं आहे. ज्या बाईने टी वरची रेघ शोधली, तिला सहा वर्षं त्या कपाटापासून लांब ठेवण्याची काही किंमत त्या दरपुस्तिकेत दिली आहे का? मला सापडली नाही.

आता सचिव नसलो तरी एक चूक मला इथूनच दिसते. व्यासपीठावर चार खुर्च्या आहेत. अध्यक्ष, पाहुण्या, डॉक्टर आणि चौथी माझी. बोलून झाल्यावर मला तिचं काम नाही. हेरंब, माझी खुर्ची जरा डॉक्टरांच्या शेजारी सरकवतोस का? ताई, वर या. डॉक्टरांना शाल आणि श्रीफळ मिळालं, आपली ओटी अजून भरायची आहे. मंडळाने दोघांसाठी चांदीचं एक नाणं आणलं आहे, लक्ष्मीचं. ते लालाजींकडून जसं आलं तसंच डबीत आहे. शपथेवर सांगतो, कोणी पुसलेलं नाही.

सभागृह उपलब्ध करून देणाऱ्यांचे, मोहालीहून सामान वाहून आणणाऱ्या तरुण मंडळींचे, वड्यांसाठी सकाळपासून खपणाऱ्या भगिनींचे आणि इतका वेळ खोकलासुद्धा न काढणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर श्रोत्यांनी पोटात घालावं. जे सहा वर्षं बोलायचं राहून गेलं ते मात्र पोटात घालू नये, एवढी विनंती.

यापुढचा अपेक्षित कार्यक्रम असा. मंगळवारी मुंबईहून नाणं परत येतं. बुधवारी सामानाचा ट्रक, गुरुवारी गाडी. पंचवीस तारखेला लक्ष्मीपूजन, पुण्याच्या घरातलं पहिलं. त्या दिवशी तो डॉलर पाटावर असेल की कुलपात, आणि वहीत कोणाचं अक्षर असेल, हे मला सांगता येणार नाही. ते डॉक्टर सांगतील. त्यांनी शाल काढून मांडीवर ठेवली आहे आणि मघापासून ते सदऱ्याचं वरचं बटण काढून गळ्याशी काहीतरी चाचपताहेत. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा आहे, पंखे चालू आहेत, उकडत तर कोणालाच नाही.

ताई, सावकाश या. पायरीला कठडा नाही, डॉक्टरांनी हात पुढे केला आहे, तो धरा.

नमस्कार.